टाचेपासून चार बोटं

आमची गाय मेली तेव्हा तिच्यासाठी प्रार्थना चालू होती.

गावात दरवर्षी दोन-तीन गाई मरतात. एखादी दरीत पडते, एखादी तळ्याकाठच्या चिखलात रुतते, एखादी नुसतीच म्हातारी होते. पण पोटावर हात ठेवून, डोळे मिटून, देवाला हाका मारत मारत कुणी पोचवलेली अशी ही पहिलीच. इसिक-कूल तळ्याच्या दक्षिण काठावर तरी दुसरी नसावी.

गुरं राखायची पाळी त्या दिवशी एसेन आकेची होती. आके म्हणजे थोरला भाऊ; वयानं मोठ्या कुठल्याही पुरुषाला आम्ही तसंच म्हणतो. आमच्या वरच्या गल्लीची रीत अशी की ज्याच्या घरी जितक्या गाई, तितके दिवस त्यानं सगळ्या गल्लीची गुरं डोंगराकडे न्यायची. आकेच्या दोन गाई, म्हणून दोन दिवस. हा माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. मला ईसाच्या वाटेला लावलं तेही त्यानंच. चार वर्षांपूर्वी मी वोडका पिऊन पाटाच्या कडेला पडलेला असायचो आणि हा मला हातगाड्यात घालून घरी आणून टाकायचा. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "का उचलतोस मला?" त्यानं सांगितलं. गाडा ढकलता ढकलता सांगितलं, त्यामुळे मला मध्येच उठून जाता आलं नाही.

तर त्या सकाळी दव पडलं होतं. कुणाच्या तरी लसूणघासाचं कुंपण मोडलेलं होतं आणि आमची कश्का नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे होती. ओला लसूणघास खाल्ला की गाईचं पोट फुगतं हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. त्याचा उपायही माहीत असतो. डाव्या भकाळीत सुरी खुपसायची, वारा जातो, गाय उठते. तेवढी छाती नसेल तर जीव आहे तोवर गळा कापायचा, म्हणजे निदान मांस तरी घरात येतं. आपोआप मेलेलं जनावर कुणी खात नाही.

मी वर पाटातला गाळ काढत होतो. खालून हाक आली आणि फावडं टाकून धावलो. टेकाडावरून दिसलं, कश्का आडवी पडलीय आणि आके तिच्याजवळ गुडघ्यावर बसलाय. मला वाटलं, गळा कापतोय. वाईट वाटलं, पण म्हटलं बरं झालं, निदान वेळेवर तरी. आणि मी धावायचा थांबलो. पुढची तीसेक पावलं मी चालत गेलो. ती पावलं अजून माझ्या अंगात आहेत.

जवळ गेलो तर आकेची सुरी त्याच्या बुटातच होती. दोन्ही हात गाईच्या पोटावर. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

"सुरी!" मी ओरडलो.

त्यानं डोळे उघडले नाहीत. मी त्याच्या बुटातली सुरी ओढली आणि भकाळीत मारली. वारा बाहेर आला. खूप वेळ येत राहिला. गाय हळूहळू गाईएवढी झाली. फक्त मेलेली होती.

आके उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "देवाची इच्छा, सागीन."

एवढंच म्हणाला. तो "हात कापला" म्हणाला असता, "झोप लागली" म्हणाला असता, अगदी "तुझी गाय हावरट होती" म्हणाला असता तरी मी त्या दिवशी रात्रीपर्यंत रागावून दुसऱ्या दिवशी चहाला गेलो असतो. पण त्यानं देवाला मध्ये घातलं. मग मला दोघांवर रागवावं लागलं.

खड्डा मी एकट्यानं खणला. आमची जमीन म्हणजे मातीत दगड नाहीत, दगडांत माती. आके कुदळ घेऊन आला. मी म्हटलं, "जा. आणि कुठं गाय पडली असेल, तिच्यावर हात ठेव." तो कुदळ घेऊन परत गेला. संध्याकाळपर्यंत हाताची सालटी निघाली आणि गाय खड्ड्यात बसली नाही. एक पाय वर राहिला. पुन्हा खणलं.

* * *

नळावर तुर्दुकुल भेटला. हा आमच्या गल्लीतला मोठा जोकर. "काय रे सागीन," तो म्हणाला, "गाय थेट वर गेली म्हणे? मुल्लाला न विचारता?"

"हो."

"मग तिथं दूध कोण काढतं?"

मी बादली भरली आणि निघालो. उत्तर घरी पोचल्यावर सुचलं. तेही फार चांगलं नव्हतं.

घरात आम्ही तिघं. मी, बायको अनारकान आणि आपा, म्हणजे माझी आई. शिवाय कश्काचं तीन महिन्यांचं वासरू, जे दर दोन तासांनी आईला हाक मारायचं आणि मग माझ्याकडे बघायचं. अनारकान माझ्यासारखीच ईसाला मानणारी. आपानं ती वाट धरली नाही. ती दिवसातून पाच वेळा नमाज पढते आणि सहाव्या वेळी माझ्यावर ओरडते.

"शत्रूवर प्रेम करा म्हणतो ना तुमचा ईसा?" ती कणीक मळता मळता म्हणाली. "मग चुलतभावाचं काय सांगितलंय? की तेवढं पान फाटलंय?"

"आपा, तुला त्याचा राग नाही येत?"

"येतो की. मी त्याला तोंडावर गाढव म्हटलं. तो हो म्हणाला. झालं. तू काय केलंस? तू तर बोललाच नाहीस. पोटात ठेवून बसलास."

खरं होतं. मला झोप लागत नव्हती. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठं जायचं ते कळत नसे. अंगणात जाऊन गोठ्याची कडी लावून यायचो. रिकाम्या गोठ्याची. प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळ्यांपुढे तीच पाठ दिसायची, गुडघ्यावर बसलेली, डोळे मिटलेली. मी उठून पुन्हा कडी लावायला जायचो.

* * *

आमची मंडळी अकरा जणांची. बेइशेन आकेच्या घरी जमतो. हा आमचा पाळक. पूर्वी तो सरकारी जनावरांचा डॉक्टर होता. अख्ख्या गावात फुगलेलं पोट फोडायला त्याच्याइतका तयार हात नाही. ज्या दिवशी कश्का फुगली त्या दिवशी तो काराकोलला होता. उपवास-प्रार्थनेला. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर तुर्दुकुलला महिनाभर पुरेल.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही ईसाच्या आठवणीत भाकर मोडतो. ताटात एक नान असते, ती हातोहात फिरते, प्रत्येकानं तुकडा मोडून घ्यायचा. पण मनात कुणाविषयी गाठ असेल त्यानं घ्यायचा नाही, ताट पुढं द्यायचं. मोठ्या मंडळीत ही रीत ठीक असेल. अकरा जणांत ती दवंडीच होते. जूनमध्ये मी ताट पुढं दिलं तेव्हा मागच्या म्हाताऱ्यांनी माना लांब करून पाहिलं. आकेनंही पुढं दिलं. माझ्या मनात त्याच्याविषयी गाठ आहे म्हटल्यावर त्यालाही घेता येईना.

जुलैच्या पहिल्या रविवारी बेइशेन आकेनं पोटफुगीवर प्रवचन दिलं. म्हणाला, मनातला कडूपणा म्हणजे ओला लसूणघास. गोड लागतो, आत जाऊन फुगतो. त्यानं खडूनं गाईचं चित्र काढलं, भकाळीची जागा गोल करून दाखवली. प्रवचन सुरेख झालं. दोघांनी ती जागा वहीत उतरवून घेतली. माझ्या मनात मात्र काही फुटलं नाही.

मग ताट निघालं. मी पुढं दिलं. आकेनं पुढं दिलं. अनारकाननं पुढं दिलं. मी वळून पाहिलं.

"तुझ्यावर राग आहे," ती हळूच म्हणाली. "महिनाभर भिंतीशी बोलतेय मी."

आकेची बायको बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, हिनंही पुढं दिलं. तिचा नवऱ्यावर राग होता. चष्मा एकच असलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, त्यांचं त्याच सकाळी चष्म्यावरून झालं होतं. त्यांनी दिलं. बाकीच्यांना वाटलं आपणच तेवढे घेतले तर बरं दिसणार नाही. ताट बेइशेन आकेपुढं आलं तेव्हा नान जशीच्या तशी.

"मीही घेत नाही," तो म्हणाला. "मला तुम्हा सगळ्यांचा राग आलाय."

मग आम्ही गाणं म्हटलं. ते मात्र सगळ्यांनी म्हटलं.

अडचण अशी की ती नान आपाची होती. गल्लीत तिच्यासारखा तंदूर कुणाचा नाही. ती म्हणायची, "तुमच्या देवाचं मला माहीत नाही, पण दुकानातला पाव त्याच्यापुढं ठेवू नका. मला लाज वाटते." अनारकाननं अख्खी नान घरी आणून जेवणाच्या दस्तरखानावर ठेवली. आपानं ती उलटी करून पाहिली, वाजवून पाहिली.

"करपलीय?"

"नाही आपा."

"मीठ कमी?"

"नाही."

"अकरा माणसं, आणि एकानंही तोंड लावलं नाही? वाटेवरच्या चोरापुढं नान ठेवली तर तोसुद्धा चिमूटभर मोडतो!"

मला सांगावं लागलं. ती ऐकत होती, चहा ओतत होती.

"आपा, तू खूश होशील," मी शेवटी म्हणालो. "मी सोडतोय. बेइशेन आकेला सांगणार, माझं नाव काढ."

तिनं किटली खाली ठेवली. "चार वर्षं मी रडले, सोड म्हणून. तुझा मामा येऊन ओरडला. कुणासाठी सोडलं नाहीस. आणि आता गाईसाठी सोडतोस?" तिला खरंच लागलं होतं. "आईसाठी सोडलं असतंस तर गावात सांगितलं तरी असतं. गाईसाठी! पुन्हा पाटाच्या कडेला पडायला जाशील. आणि या वेळी गाडा कोण आणणार? पी तो चहा."

मी प्यालो. दुधाळ, गरम.

"आणि ते दूध कुठलं, ते विचारलंस कधी?"

आमच्या घरात गाय नाही हे मला माहीत होतं. चहात दूध असतं हेही माहीत होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची वेळच आली नव्हती.

"बुरुल रोज पहाटे फाटकाला किटली अडकवून जाते," अनारकान म्हणाली. "वासराचं वेगळं, आपलं वेगळं. पाच आठवडे झाले."

मी कप खाली ठेवला. मग उचलला. ओतून द्यायचं तर दूध, ओतवेना. प्यायचं तर घशाखाली जाईना. शेवटी अनारकाननं कप माझ्या हातातून घेतला आणि स्वतः प्याली.

* * *

बेइशेन आके अंगणात शेजाऱ्याच्या मेंढ्याचे खूर कापत होता. मी सांगितलं, माझं नाव काढ.

"धर याला," तो म्हणाला. मी मेंढा धरला. त्यानं चारही खूर पुरे केले, मग म्हणाला, "गवताच्या दिवसांत मी कुणाचं नाव काढत नाही. सगळ्यांची डोकी तापलेली असतात. गवत झालं की ये. मग हवं तर आजवरची हजेरीसुद्धा खोडतो."

"गवत झालं की येतो," मी म्हणालो. "पुढच्या रविवारच्या आत."

कुणी कुठल्या तुकड्यावरचं गवत कापायचं याची चिठ्ठी वसंतातच निघाली होती. डोंगराचा आमचा तुकडा दोन घरांत एक, माझा नि आकेचा. वाटून घ्यायचा म्हटला तर मध्येच ओढा. एकाच्या वाटणीला गवत, दुसऱ्याच्या वाटणीला दगड. म्हणून आम्ही नेहमी जोडीनंच कापायचो. सोमवारी पहाटे मी घोड्यावर सामान लादून वर पोचलो तेव्हा आके आधीच बसून पातं ठोकत होता. लहानशा ऐरणीवर टक टक टक, धार पातळ करत. माझ्याकडे न बघता त्यानं ऐरण पुढं सरकवली. मी माझं पातं ठोकलं. दोघांचं मिळून एवढंच बोलणं.

आमचे विळे लांब दांड्याचे, उभ्यानं चालवायचे. उतारावर एकाच्या मागं एक, थोडं तिरकं राहून कापत जायचं. पुढच्याची पट्टी पडली की मागचा तिच्या कडेनं आपली पट्टी पाडतो. दोघांची लय एक हवी. मागचा जास्त झपाट्यानं आला तर पुढच्याच्या टाचेला पातं लागतं. म्हणून पुढं नेहमी जास्त ताकदीचा उभा राहतो. चाळिशीचा आके दरवर्षी माझ्या मागं असायचा. या वर्षी तो न विचारता पुढं जाऊन उभा राहिला.

पहिला दिवस तसाच गेला. ऊन मानेवर, गोमाश्या कानांत, घाम डोळ्यांत. दुपारी तळ्यावरून ढग यायचे, गडगडायचे, दोन थेंब टाकून परत जायचे. तेवढ्यासाठी आम्ही धावून वाळलेलं गवत गोळा करायचो आणि पुन्हा पसरायचो. न बोलता दाताळं मागणं फार अवघड असतं. बोट दाखवावं लागतं. आणि बोट दाखवलं की ते दुसऱ्याच कशाकडे तरी दाखवल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत ओलं होतं, पातं गाऊ लागलं. माझ्यापुढं आकेची पाठ. वाकलेली, सदरा खांद्याच्या हाडावर फाटलेला. तीच पाठ. मी लय वाढवली. सपसप. तोही वाढवत गेला. मी आणखी वाढवली. मला दिसत होतं, तो दमलाय, श्वास शिट्टीसारखा येतोय. तो मागं वळून "हळू" म्हणाला असता तर मी हळू झालो असतो. तो म्हणाला नाही. म्हणून मी आणखी वाढवली. आमच्या खानदानात अक्कल अशीच चालते.

मग पात्याला काहीतरी लागलं. गवत नव्हतं.

आके थांबला. वाकला. त्याच्या डाव्या रबरी बुटाची टाच कानासारखी लोंबत होती. त्यानं बूट काढला, आत हात घालून पाहिलं. रक्त नव्हतं. मोजा फाटला होता, बस्स.

"चार बोटं," तो म्हणाला. "आणखी चार बोटं वर लागलं असतं तर शीर होती."

त्यानं बूट चढवला, लोंबणारी टाच दोरीनं बांधली आणि पुन्हा पुढं जाऊन उभा राहिला. माझ्याकडे पाठ करून. विळा उचलला.

माझ्याच्यानं विळा उचलवेना. आतापर्यंत मी स्वतःला सांगत होतो की मी दुखावलेला माणूस आहे. दुखावलेला माणूस असतो, चालतं. पण माझ्या हाताला त्या टाचेपर्यंतची वाट माहीत होती. पातं चुकून गेलं नव्हतं. मी पाच आठवडे रोज ते थोडं थोडं पुढं सरकवत आणलं होतं.

"आके," मी म्हणालो. पहिल्यांदाच. "जेवूया."

"अजून नऊच वाजलेत."

"जेवूया."

* * *

ओढ्याकाठी बसलो. आपाची नान, कांदा, बाटलीत आयरान, म्हणजे आमचं ताक. आमच्यात जेवायच्या आधी प्रार्थना मोठ्यानं म्हणायची, आणि मोठ्या माणसानं म्हणायची. आकेनं तळहात उघडले. मी डोळे मिटले. वाट पाहिली. ओढ्याचा आवाज येत राहिला. मी एक डोळा उघडला. आके उघड्या तळहातांकडे बघत बसला होता.

"तू म्हण," तो म्हणाला.

"तू मोठा आहेस."

"मला येत नाही."

"म्हणजे?"

"त्या दिवसापासून येत नाही. तोंड उघडतो, पुढं काही नाही. बुरुलला वाटतं मनात म्हणतोय. मनातही नाही." त्यानं नानेचा कोपरा चाचपला, मोडला नाही. "सागीन, त्या दिवशी मी प्रार्थना करत नव्हतो."

मी दुसराही डोळा उघडला.

"सुरी होती माझ्याकडे. जागा माहीत होती. लहानपणापासून माझ्याच्यानं खुपसवत नाही. अब्बा कोंबडी द्यायचे कापायला, मी डोळे मिटायचो. सगळे हसायचे. त्या दिवशीही मी घाबरून डोळे मिटले. आणि डोळे मिटलेच आहेत तर ओठ हलवले. तू आलास. तुला काय सांगू, चाळीस वर्षांचा बाप्या गाईच्या पोटाला घाबरला? म्हणून म्हटलं, देवाची इच्छा." तो ओढ्याकडे बघत होता. "तुझी गाय मेली ती मेली. मी ते त्याच्या अंगावर ढकललं. आता कुठल्या तोंडानं हाक मारू?"

मला हसू आलं. खरंच आलं, वाईट जागी खाज यावी तसं. पाच आठवडे मी देवाशी भांडत होतो, की तू याची प्रार्थना ऐकली का नाहीस. आणि प्रार्थना झालीच नव्हती. वर बसून तोही चक्रावला असेल, की हा सागीन कशाबद्दल बोलतोय.

"हस," आके म्हणाला. "हस बाबा."

"मीही चालत आलो," मी म्हणालो.

"काय?"

"टेकाडावरून. तीस पावलं. मला वाटलं तू गळा कापतोयस, म्हणून मी चालत आलो. धावलो असतो तर भकाळी मीच फोडली असती."

हे मी अनारकानला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. त्याच्या एका वाक्यावर पाच आठवडे रागावलो, तेवढा वेळ मला या तीस पावलांकडे बघावं लागलं नाही.

मी तळहात उघडले. शब्द जुळवायला वेळ नव्हता, आयरानमध्ये माश्या पडत होत्या.

"बापा," मी म्हणालो, "हा एसेन. तू ओळखतोस त्याला. यानं माझी गाय मरू दिली. मीही मरू दिली, चालत येऊन. तूही तिथंच होतास. माझा तुझ्यावर राग आहे, तो मी चुकीच्या कारणासाठी धरला होता हे आज कळलं, पण आहे अजून. तो असा लगेच जात नाही. आज मी याची टाच कापत होतो. ती चार बोटं मी ठेवली नव्हती. कुणी ठेवली ते तू जाणे. मी याला सोडतो. मला जमत नाही, तरी सोडतो. माझ्या हातून निसटला तर तू धर. याला बोलता येईना झालंय, याचं तोंड उघड. आणि बेइशेन आकेला नाव काढ म्हणून सांगितलंय, ते राहू दे. मी खाली गेल्यावर सांगतोच. ही नान आशीर्वादित कर. ईसाच्या नावानं. आमेन."

"आमेन," आके म्हणाला. एवढंच म्हणाला, पण मोठ्यानं. मग त्यानं नान मोडली, अर्धी मला दिली आणि खाताना त्याच्या नाकातून पाणी वाहत राहिलं. मी माश्या काढून आयरान दिलं.

एखाद्याला वाटेल की मग अंगावरचं ओझं उतरलं आणि डोंगर हलका झाला. तसं नाही. बाटलीला बूच लावता लावताच मला कश्काचा खड्ड्याबाहेर राहिलेला पाय आठवला आणि राग परत आला, चपला घालून, घरच्यासारखा. मी मनात म्हटलं, सोडतो. तो गेला. धार लावायचा दगड शोधताना पुन्हा आला. पुन्हा म्हटलं. दुपारपर्यंत मी एसेन आकेला सात वेळा क्षमा केली. त्याला त्यातली एकच माहीत आहे.

तळ्यावर ढग जमले होते. या वेळी ते परत जाणारे दिसत नव्हते. खालची अख्खी पट्टी उभी होती. आके दोरीनं बांधलेली टाच ओढत पुढच्या जागी जाऊ लागला. मी त्याला ओलांडून गेलो आणि पुढं उभा राहिलो. त्याच्याकडे पाठ करून.

"मी पुढं होतो," तो म्हणाला.

"आता मी आहे."

विळा चालवला. पहिला घाव, दुसरा, तिसरा. मागून त्याचं पातं आलं, जरा चुकत, मग लयीत. माझ्या टाचा उघड्या होत्या, मी सकाळीच बूट काढले होते. मागं वळून बघायची फार इच्छा झाली. मान तशी वळायलाही लागली होती. मी ती गवताकडे धरली.

"जवळ येऊ?" मागून आकेनं विचारलं. "पाऊस येतोय."

"ये," मी म्हणालो.